दोन बायका भेटतात, ते बघायला

"या वर्षी पुण्याला जायचं नाही," असं सुनेत्राबाईंनी दिवाळी संपता संपता जाहीर केलं, तेव्हा सूर्यकांत टिपणिसांना आधी आनंदच झाला. पुण्याची सुट्टी ही त्यांच्या लेखी सक्तमजुरी होती. दाताचा डॉक्टर, बँकेतल्या सह्या, सगळ्या मावश्या, उरलेल्या आत्या, आणि प्रत्येकीकडे 'घासभर' म्हणून समोर आलेली पोह्यांची परात. दुबईला परत आल्यावर त्या सुट्टीचा शीण घालवायला दुसरी रजा लागायची आणि ती कधी मिळायची नाही. आता करामामधल्या आपल्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून, एसी लावून नुसतं झोपायचं, हे दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर इतकं लख्ख उभं राहिलं, की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, "उत्तम!"

"मग फ्लॉरेन्सला जाऊ," सुनेत्राबाई म्हणाल्या.

बायकोचं दुसरं वाक्य ऐकल्याशिवाय पहिल्याला 'उत्तम' म्हणू नये, ही गोष्ट संसाराची अठरा वर्षं उलटल्यावरही टिपणिसांच्या अंगवळणी पडली नव्हती.

"इटलीतलं फ्लॉरेन्स?"

"दुसरं कुठलं? ईशानीच्या शाळेला नाताळची सुट्टी आहेच. तिथल्या एका चर्चच्या भिंतीवर एक चित्र आहे, ते मला बघायचंय."

सुनेत्राबाई दुबईतल्या एका भारतीय शाळेत चित्रकला शिकवायच्या. म्हणजे मुलांकडून वर्षभर सूर्यास्त आणि नारळाची झाडं काढून घ्यायच्या. मिरजेला शाळेत असताना त्यांच्या चित्रकलेच्या सरांनी कुठल्याशा पुस्तकात ते चित्र दाखवलं होतं. टिपणिसांनी विचारलं, "काय आहे त्यात?"

"दोन बायका भेटतात."

"आणि?"

"आणि काही नाही. भेटतात."

"अगं, प्रमिलावहिनी आणि तू रोज लिफ्टपाशी भेटता. त्यासाठी इटली?"

यावर सुनेत्राबाईंनी टिपणिसांचा कप उचलला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. कपात अर्धा चहा शिल्लक होता. तो अर्धा चहा गेला तेव्हाच फ्लॉरेन्स नक्की झालं, हे टिपणिसांना कळून चुकलं.

समोरच्या फ्लॅटमधले राजाभाऊ दिघे एकदा टूर कंपनीबरोबर सबंध युरोप बघून आले होते. दहा दिवसांत त्यांनी इतके देश बघितले होते, की कुठला पुतळा कुठल्या देशात होता याबद्दल त्यांचं आणि प्रमिलावहिनींचं अजून एकमत झालेलं नव्हतं. टिपणीस जाणार ही बातमी लिफ्टने त्यांच्यापर्यंत पोचवली आणि ते त्याच संध्याकाळी हजर झाले.

"टिपणीस, एक लक्षात ठेवा. इटलीत बघण्यासारखं काही नाही. सांभाळण्यासारखं आहे. पाकीट! आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थाचं पाकीट त्याच्या खिशात, खिसा पँटला, पँट अंगात, आणि तरी गेलं."

"पँट?" टिपणिसांनी दचकून विचारलं.

"पाकीट हो! पासपोर्ट गेला तर खलास. तिथे आपली वकिलात शोधत बसाल. प्रमिला पोटाला बांधायची पिशवी शिवून देईल. आणि ठेपले न्या. तिथे नुसता मैदा मिळतो. लांबट मैदा, गोल मैदा, पोकळ मैदा."

हा सल्ला घेऊन टिपणीस कामाला लागले. अडचण अशी, की पोटाला बांधायला पासपोर्ट आधी हातात हवेत. ते कंपनीकडे. टिपणीस रास अल खोरमधल्या एका फ्रोझन मालाच्या गोदामाचे मॅनेजर होते, आणि सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. तिजोरीची किल्ली कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या अबू खालेदकडे. अबू खालेद अतिशय प्रेमळ माणूस. पासपोर्ट मागितला की तो छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "हबीबी, बुकरा, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या. पुढच्या इन्शाल्लाचा अर्थ मात्र बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून लावावा लागतो. लगेच, बघू, आणि या जन्मी नाही, असे त्याचे तीन अर्थ होतात. अबू खालेदचा चेहरा तिन्ही वेळा सारखाच प्रेमळ असायचा. तशात रमझान सुरू झाला. ऑफिसं दुपारी बंद व्हायला लागली, आणि किल्ली अबू खालेदबरोबर लवकर घरी जायला लागली. शेवटी टिपणीस एका सकाळी तिजोरीसमोर खुर्ची टाकून बसले आणि उठेचनात, तेव्हा अबू खालेदने हसत हसत पासपोर्ट काढून दिले. म्हणाला, "पहिल्या दिवशीच बसायचं ना!"

व्हिसाच्या खिडकीपाशी दुसरी अडचण निघाली. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "सर, मॅरेज सर्टिफिकेट?"

टिपणिसांचं लग्न मिरजेला झालं होतं. भटजी होते, बँड होता, चारशे माणसं जेवून गेली होती. सर्टिफिकेट घ्यावं असं त्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. राजाभाऊ म्हणाले, "अहो, अल्बम न्या! फोटोपेक्षा मोठा पुरावा काय?"

म्हणून टिपणीस लाल मखमलीचा पुठ्ठा असलेला तो वजनदार अल्बम घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. पुढे एक लेबनीज जोडपं होतं, मागे फिलिपिनो नर्सेस. कंटाळलेल्या रांगेला वाचायला काहीतरी हवंच असतं. बघता बघता अल्बम टिपणिसांच्या हातातून सुटला आणि रांगेतून फिरायला लागला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव पाहून एका नर्सने विचारलं, "युअर ब्रदर?" टिपणिसांनी 'नो, मी' असं सांगितल्यावर तिने एकदा फोटोकडे आणि एकदा त्यांच्या टकलाकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं, की टिपणिसांना स्वतःबद्दलच वाईट वाटलं.

खिडकीतल्या बाईंनी मात्र अल्बम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला. "हे कोण रडताहेत?"

"माय फादर-इन-लॉ."

"आणि हे हसताहेत ते?"

"तेच. नंतरचे."

बाई प्रसन्न हसल्या. "व्हेरी नाइस वेडिंग, सर," असं म्हणून त्यांनी अल्बम परत दिला, आणि सर्टिफिकेट मागितलं.

मग आपल्या वकिलातीतून प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं ठरलं. सोबत लग्नाला हजर असलेला एक साक्षीदार असला तर बरं, असं कुणीतरी सुचवलं. टिपणिसांच्या मावसबहिणीचा दीर गुणवंत उम्म अल कुवैनला एका साइटवर गवंडीकाम करायचा. शुक्रवारी टिपणीस मंडळी त्याच्या कॅम्पवर पोचली. त्याने आनंदाने चहा केला, खाटेवर नवी चादर घातली, आणि सगळं ऐकून घेऊन मान हलवली.

"दादा, खोटं कसं सांगू? अक्षता पडल्या तवा मी मांडवामागं बुंदी गाळत व्हतो. लग्न काय मी बघितलं न्हाई."

"अरे, पण लग्न झालं हे तर तुला माहीत आहे ना!"

"झालं आसंल की. पर मी बघितलं न्हाई."

टिपणिसांनी त्याला नात्याची, गावाची, शेवटी बुंदीचीही शपथ घातली. गुणवंत हलेना. ईशानी गाडीतून ओरडली, "बाबा, सो आर यू गाइज इव्हन मॅरीड?" तेव्हा सुनेत्राबाई पुढे झाल्या. "गुणवंत, मंगलाष्टकं ऐकू आली होती का?"

"आली की वैनी! लाऊडस्पीकर व्हता. तुमच्या मामांचा आवाज फाटला व्हता."

"मग ऐकलंस, एवढंच सांग."

असा एका कानाने ऐकलेल्या साक्षीवर टिपणिसांचा संसार कायदेशीर झाला आणि व्हिसा मिळाला. टिपणीस तोवर इतके दमले होते, की व्हिसाचा शिक्का बघून त्यांच्या मनात पहिला विचार आला तो 'आता जाऊन यावं लागणार' हा.

राहता राहिली थंडी. दुबईत थंडीचे कपडे मिळतात ते संध्याकाळी बाल्कनीत उभं राहण्यापुरते. टिपणिसांच्या गोदामात मात्र उणे अठरात काम करणाऱ्यांसाठी जाडजूड जाकिटं होती. त्यांनी तीन जाकिटं घरी आणली. ऊब उत्तम होती. फक्त रंग भगभगीत नारिंगी होता, पाठीवर चमकणारे पट्टे होते आणि त्यांच्यामध्ये हिरव्यागार वाटाण्यांची एक हसरी शेंग होती. ईशानी म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट वेअरिंग अ व्हेजिटेबल." पण रोमच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने तिचं मत बदललं.

त्या वर्षी रोममध्ये यात्रेकरूंची इतकी गर्दी होती की राहायला जागा नव्हती. म्हणून तिघं तशीच ट्रेनने फ्लॉरेन्सला पोचली. चोवीस डिसेंबरची संध्याकाळ. हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकिणीने हसून हात पुढे केला, "पासापोर्ती?"

पासपोर्ट सुरक्षित होते. जाकीट, स्वेटर, शर्ट, लोकरी बनियन, आणि त्याच्या आत प्रमिलावहिनींनी शिवलेली पिशवी. वहिनींनी बजावल्याप्रमाणे रोमचा शिक्का पडल्यावर ट्रेनमध्ये सुईदोऱ्याने पिशवीचं तोंडही शिवून टाकलं होतं. टिपणिसांनी काउंटरकडे पाठ करून एकेक वस्त्र वर करायला सुरुवात केली. मालकीणबाई आधी "नो, नो" म्हणाल्या, मग त्यांनी "सिन्योर!" अशी हाक मारली आणि शेवटी आतून आपल्या नवऱ्याला बोलावलं. ईशानी जिन्याखाली जाऊन उभी राहिली, म्हणजे हा गृहस्थ आपला कुणी नाही असं वाटावं. सुनेत्राबाईंनी बोटांनी कात्रीची खूण केली. ती खूण बघून मालकिणीचा नवरा आणखीच घाबरला. अखेर कात्री आली आणि एका परक्या इटालियन माणसाने टिपणिसांच्या पोटावरचे टाके उसवले. माणसाची लाज जायला शहर ऐतिहासिकच असावं लागतं असं नाही, पण असलं म्हणजे ती जास्त थंड फरशीवर जाते.

सव्वीसच्या सकाळी परतीची ट्रेन होती. रमझानच्या शेवटी गोदाम सोडून जाणाऱ्या मॅनेजरला मालकाने याहून जास्त रजा दिली नव्हती. म्हणजे हातात एकच दिवस, पंचवीस डिसेंबर. आणि पंचवीस डिसेंबरला फ्लॉरेन्स बंद असतं, ही गोष्ट राजाभाऊंनी सांगितली नव्हती. मोठं चित्रसंग्रहालय बंद होतं, घुमटावर जाणारा जिना बंद होता, दुकानांची शटरं खाली होती. ज्या पुतळ्याचे फोटो जगभर विकले जातात तो चौकात उघड्यावर उभा दिसला, तेव्हा टिपणिसांना जरा हायसं वाटलं. "चला, हे तरी झालं!"

"बाबा, दॅट्स द कॉपी," ईशानी म्हणाली.

"मग खरा कुठे आहे?"

"इनसाइड. क्लोज्ड."

टिपणिसांनी नकलेलाच नीट बघून घेतलं. एवढ्या थंडीत हा माणूस असा उघडानागडा उभा आहे, आपण निदान वाटाण्यात आहोत, असं त्यांना वाटलं.

नदी ओलांडून पलीकडच्या गल्ल्यांत शिरल्यावर बारीक पाऊस सुरू झाला. ठेपले संपले होते. एका बंद खानावळीच्या काचेतून आत माणसं हलताना दिसली म्हणून टिपणिसांनी काच वाजवली. आतला माणूस बाहेर आला. त्याने नारिंगी जाकिटं पाहिली, पाठीवरची शेंग पाहिली, कपाळावर हात मारला आणि तिघांना हाताला धरून मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे त्याने फ्रीजचं दार उघडलं आणि आतला रिकामा कप्पा दाखवून तो टिपणिसांवर खेकसायला लागला.

"हा काय म्हणतोय?" टिपणिसांनी विचारलं.

"ही थिंक्स वुई आर डिलिव्हरी," ईशानी म्हणाली, "अँड वुई आर लेट."

टिपणिसांनी दोन्ही रिकामे हात दाखवले. माणसाने ईशानीच्या हातातल्या पिशवीत डोकावून पाहिलं. तिथे लोणच्याची एक बाटली होती. यानंतर ती तिघं पुन्हा पावसात उभी होती.

"सुनेत्रा, आता खोलीवर जाऊ या," टिपणीस म्हणाले. त्यांच्या गुडघ्यांनी तो निर्णय आधीच घेतला होता. "पुस्तकात छान दिसतं ना ते चित्र? घरी गेल्यावर मी तुला पुस्तक आणून देतो. मोठं. रंगीत."

सुनेत्राबाई थांबल्या. त्यांचे केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच टिपणिसांना भीती वाटली. "ईशानीला घेऊन जा. मी चर्च शोधते आणि येते. माझ्यासाठी थांबू नका."

अठरा वर्षांत त्यांनी टिपणिसांकडे दुसरं काय मागितलं होतं, हे आठवायचा टिपणिसांनी तिथल्या तिथे प्रयत्न केला. मोठा ओव्हन मागितला होता. तो पुढच्या सेलला घेऊ असं ठरलं होतं आणि ते दोन वेळा ठरलं होतं. ते सुनेत्राबाईंच्या मागे चालायला लागले. ईशानी त्यांच्या मागे.

चर्च सापडलं तेव्हा आत नाताळची प्रार्थना सुरू होती. दारातल्या माणसाने ओठांवर बोट ठेवून त्यांना एका बाकावर बसवलं. चित्र मागच्या बाजूच्या एका काळोख्या कोनाड्यात होतं, आणि प्रार्थना चालू असताना मागे वळून बघणं बरं दिसलं नसतं. म्हणून तिघं पुढे बघत बसली. लोक उठले की टिपणीस उठायचे, बसले की बसायचे. एकदा डुलकीत असताना सगळे उभे राहिले आणि बसलेही. टिपणीस नंतर एकटेच उभे राहिले. मध्येच सगळे एकमेकांकडे वळून हात मिळवायला लागले. शेजारच्या फरकोटातल्या आजीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मायेने काहीतरी म्हटलं. टिपणीस अदबीने म्हणाले, "टिपणीस. फ्रॉम दुबई." पुढच्याने हात दिला, त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. पुढे लोक ओळीने वेदीकडे जायला लागले, तेव्हा प्रसाद घेतल्याशिवाय कसं निघायचं म्हणून तेही उठले. सुनेत्राबाईंनी शेंगेला धरून त्यांना खाली ओढलं.

प्रार्थना संपली. माणसं बोलत, हसत आपापल्या घरी जेवायला गेली. दिवे मालवले गेले. सुनेत्राबाई कोनाड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे नुसता अंधार होता, आणि भिंतीला एक लोखंडी डबी. ईशानीने तिच्यावरची पाटी वाचली. "बाबा, कॉइन टाकायचं. देन लाइट येतो."

टिपणिसांनी खिशातलं नाणं टाकलं. खट्ट झालं आणि भिंत उजळली. त्यांनी सुनेत्राबाईंकडे पाहिलं. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या, मग दोन पावलं मागे आल्या, आणि तेवढ्यात खट्ट होऊन दिवा गेला. दुसरं नाणं. पुन्हा खट्ट. टिपणिसांचे खिसे संपले, ईशानीची पर्स संपली. उरल्या होत्या त्या नुसत्या नोटा, आणि डबीला नोटा खाता येत नव्हत्या.

मागे किल्ल्या वाजल्या. दारातला माणूस आला होता. वयाने टिपणिसांपेक्षा मोठा, डोळे सुजलेले. आदल्या रात्रीपासून त्याने किती वेळा हे दार उघडलं आणि लावलं असेल, कोण जाणे. त्याने मनगटावरचं घड्याळ दाखवलं, पोटावर हात फिरवला आणि दाराकडे बोट केलं. सुनेत्राबाईंनी मुकाट्याने पदर सारखा केला आणि त्या वळल्या.

तिजोरीपुढची ती एक सकाळ सोडली, तर आजवर कुठल्याही खिडकीपाशी, कुठल्याही टेबलासमोर टिपणीस 'सॉरी' म्हणून मागे सरत आले होते. ते दारात जाऊन उभे राहिले. इंग्रजी आठवलं नाही, हिंदीही आठवलं नाही.

"अहो, थांबा की जरा!" ते मराठीत म्हणाले. "दोन बायका भेटतात, तेवढं बघायला आलीय ती. दुसरं काही मागत नाही. मिरजेपासून थांबलीय. तुम्ही दमलाय, मला दिसतंय. मीपण दमलोय. पण थांबा."

देवळाच्या उंच छताखाली त्यांचा आवाज घुमला आणि ते स्वतःच दचकले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिकडे उभ्या राहिलेल्या बाईकडे, तिच्या वाटाण्याच्या शेंगेकडे, आणि साडीच्या ओल्या काठाकडे पाहिलं. तो काहीतरी पुटपुटला, खांबामागे गेला, आणि एकामागून एक बटणं दाबल्याचे आवाज आले. सगळं चर्च उजळलं.

भिंतीवर खरोखरच दोन बायका होत्या. एक म्हातारी, एक तरुण. दोघींनी एकमेकींना दंडांना धरलं होतं. बस्स, एवढंच. टिपणीस बाकावर बसले.

ईशानी आईशेजारी जाऊन उभी राहिली. जाकिटाचे हात तिने पुढे बांधून घेतले होते. "आई, व्हाय इज शी होल्डिंग हर लाइक दॅट?"

"लांबून चालत आलीय ना ती," सुनेत्राबाई म्हणाल्या. "दमलीय. ही म्हणतेय, आलीस? बरं झालं आलीस."

ईशानीने मान वाकडी करून पाहिलं आणि ती आईच्या आणखी जवळ सरकली.

बराच वेळ गेला. टिपणिसांना भूक होती, गुडघे दुखत होते, मोजे ओले होते. ते उठले, बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हळूच विचारलं, "पाहिलंस?"

"अजून नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या.

टिपणिसांनी मान हलवली. परत आले तर म्हातारा किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला कसाबसा टेकला होता. त्याला नीट बसता यावं म्हणून टिपणीस थोडे आत सरकून बसले.